मृदुलाच्या हातचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा मृदुलाच्या हातचं वाण लुटायचं, हे चिटणिसांच्या घरात डिसेंबरातच ठरलं. ठरलं तेव्हा मृदुला ऑफिसात होती. बैठकीला सासूबाई निरुपमाबाई आणि सासरे शरच्चंद्र असे दोघेच होते. शरच्चंद्रांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं नाही, त्यामुळे ठराव एकमताने संमत झाला.

उत्तरायणाचे दोन दिवस बडोद्यातला मराठी माणूसही गुजरातीच असतो. गच्चीवर चढतो, उंधियो खातो, शेजाऱ्याचा पतंग कापला की शेजाऱ्याच्याच भाषेत ओरडतो. तिसऱ्या दिवशी तो खाली उतरतो आणि घरातल्या बायका हळदीकुंकवाचं मनावर घेतात. पण निरुपमाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. कुठल्याही समारंभाचा महिनाभर आधी धाक बसला नाही तर तो समारंभच नव्हे, असं त्यांचं मत होतं.

"मृदुला, तुझी पहिली संक्रांत," रात्री जेवताना त्या म्हणाल्या. "वाण बाजारातून आणायचं नाही. तू क्रोशाचे बटवे कर. छोटेच. आत तिळगूळ मावला म्हणजे झालं."

"किती लागतील, आई?"

"चाळीसेक. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"होईल," मृदुला म्हणाली.

ती अलकापुरीत एका सेल्युलर फोन कंपनीच्या काउंटरवर होती. 'फोन दुसऱ्यानं केला तर पैसे माझे का कापता' असं विचारायला येणाऱ्या बडोदेकरांना शांत करून घरी पाठवणं हे तिचं काम. बडोद्याजवळच्या पादरा गावात लवकरच नेटवर्क येईल, असं ती ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात तिने 'होईल' म्हटलं. निरुपमाबाईंचं समाधान झालं. पादऱ्याच्या लोकांचंही होत असे.

या बटव्यांमागे एक इतिहास होता. चिटणीस म्हणजे संस्थानच्या दप्तरातले आणि मृदुलाचे मोहिते म्हणजे संस्थानच्या पागेतले. संस्थान जाऊन पन्नास वर्षं झाली होती, पण दप्तराने पागेकडे जरा वरूनच बघायची पद्धत विलीनीकरणात विलीन झाली नव्हती. मुलाने, सलीलने, ही मुलगी पसंत केली तेव्हा निरुपमाबाईंनी हरकत घेतली नाही. त्या फक्त गप्प राहिल्या. मुलगी बी.कॉम., माहेर वासण्याला, वडील लष्करातून निवृत्त होऊन एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. साखरपुड्यातही त्या गप्प होत्या. त्या बोलल्या एकदम लग्नाच्या दिवशी, रुखवतासमोर. क्रोशाचं तोरण, क्रोशाचे रुमाल आणि मधोमध क्रोशाचा सारीपाट, सोंगट्यांसकट. शेजारी पाटी: 'चि. सौ. कां. मृदुलाच्या हातचे.' निरुपमाबाईंनी एक सोंगटी उचलून उलटी करून पाहिली. आतूनही एक धागा लोंबत नव्हता. "मुलगी शिस्तीची आहे," त्या म्हणाल्या, आणि सलीलने मांडवात प्रथमच पोटभर श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर त्याने मान मागे करून विचारलं, "महिन्याभरात चाळीस? ऑफिस सांभाळून? मी तुला एकदाही सुई धरलेली बघितलं नाही."

"मला येतच नाही."

स्कूटर फतेगंजच्या चौकात जरा वाकडी झाली. "मग रुखवत?"

"आबांनी केलं."

"आबा म्हणजे, मिशांवाले तुझे वडील?"

"मिशांनी नाही, हातांनी. समोर बघ, रिक्षा आहे."

अलकापुरीत मृदुलाच्या ऑफिससमोर सलीलने स्कूटर थांबवली. ती उतरताना म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिने बाबांच्या कमळाआत्यालासुद्धा कळवलंय. आई त्या सारीपाटामुळेच तुला सून मानते गं."

"माहितेय," मृदुला म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

*

वासण्याच्या घरात मानसिंगराव मोहिते सकाळची पाळी करून आले होते आणि खुर्चीत पाय लांब करून बसले होते. उजवा पाय त्यांना लांबच करावा लागे. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत गोळी लागली, तेव्हा लष्करी इस्पितळात तो पाय कित्येक आठवडे दोरीने वर टांगलेला होता. पडल्यापडल्या ते शेजारच्या जवानांशी भांडू लागले, म्हणून एका मल्याळी नर्सने त्यांच्या हातात क्रोशाची सुई दिली. पाय खाली आला, सुई काही सुटली नाही.

पुढच्या वर्षी लग्न झालं. शेजारची एक बाई घरी आली, टेबलावरचा रुमाल बघून नव्या नवरीला, विजयमालाबाईंना, म्हणाली, "सूनबाई, काय सुरेख हात आहे गं तुझा." विजयमालाबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात खरोखरच सुरेख होता. त्या "हो" म्हणाल्या. त्यानंतर पंचवीस वर्षांत ते 'हो' मागे घ्यायला योग्य असा दिवस सापडला नाही. मुलीच्या रुखवताची पाटीही त्याच 'हो'च्या पोटी आली.

"चाळीस?" विजयमालाबाई म्हणाल्या. "तू लगेच होईल म्हणालीस? मी असते तर विहीणबाईंना पंचविसावर आणलं असतं."

"तुम्ही करणार होता का?" मानसिंगरावांनी विचारलं. मोहित्यांच्या घरात नवरा-बायको एकमेकांना अहो-जाहो करत. आत भांडण चाललंय की प्रेम, ते बाहेरच्याला कळत नसे.

"करता तुम्ही. बोलणी मलाच करावी लागतात."

"आबा, जमेल का?" मृदुलाने विचारलं. "नाही जमलं तर स्पष्ट सांगा. मी घरी खरं ते सांगून टाकते."

"आणि काय होईल?" आई म्हणाली. "आठ महिने झाले नाहीत. दप्तरवाले आहेत ते, टाचून ठेवतील. पागेकडच्यांनी मांडवात खोटी पाटी लावली. जन्मभर प्रत्येक सणाला काढतील."

"ते मला ऐकावं लागेल ना? तुम्हाला नाही."

"म्हणूनच बोलतेय."

मानसिंगरावांनी हात वर केला. चौकीवर दोन ट्रकवाले भांडत असले की ते असाच हात वर करत. "चाळीस होतील. पाच जास्तीचे धरतो. बायका आयत्या वेळी वाढतात. एक अट आहे. त्या दिवशी मी तिथे असणार."

"हळदीकुंकवाला?" मायलेकी एकदम म्हणाल्या.

"गच्चीवर बसेन. खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे झालं." त्यांनी लांब केलेला पाय जरा सरकवला. "पंचवीस वर्षं तुझी मम्मी येऊन सांगते, 'सगळ्या छान म्हणाल्या.' एवढंच. कड छान की गोंडा छान, कुणी उलटून बघितलं का, कुणी नाक मुरडलं का, काही नाही. रिपोर्टिंग फार कच्चं आहे."

"नाक कुणी मुरडलं नाही," विजयमालाबाई म्हणाल्या.

"तेच. मला ते पटत नाही."

*

रविवारी दुपारी समा भागातल्या चिटणिसांच्या बंगल्यासमोर चपलांचा ढीग पडला. पुरुषांना गच्चीवर पाठवण्यात आलं. पुरुष म्हणजे शरच्चंद्र आणि मानसिंगराव. सलील जिन्यावर होता. गच्ची आणि दिवाणखाना यांच्यामध्ये, म्हणजे लग्नापासून तो जिथे होता तिथेच.

गच्चीवर कापलेल्या पतंगांचा मांजा अजून टाकीला गुंडाळलेला होता. शरच्चंद्र विद्यापीठातून इतिहासाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. समोर बसलेला श्रोता पायाने अधू आहे आणि उठून जाऊ शकत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी संस्थानच्या रिसाल्यावर सुरुवात केली. "आता बघा मानसिंगराव, तुमचे पणजोबा ज्या पथकात होते त्याची कागदपत्रं—"

मानसिंगरावांनी कोटाच्या खिशातून सुई काढली, दुसऱ्या खिशातून अर्धा बटवा काढला आणि विणू लागले. कान त्यांनी खालच्या खिडकीकडे लावला होता.

रिसाला थांबला.

"हे आपण करता?"

"हो. शेहेचाळिसावा. पंचेचाळीस खाली दिलेत, पण चपला मोजून आलोय. कमी पडणार."

"म्हणजे मृदुला—"

"नाही. तिला नाही येत."

"आणि तो सारीपाट?"

"मीच."

शरच्चंद्रांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "त्या सारीपाटावर मी आमच्या मंडळात व्याख्यान दिलंय. 'बडोदे संस्थान आणि स्त्रियांची हस्तकला.'"

"चांगलं झालं का?"

"लोकांना आवडलं."

"मग राहू द्या," मानसिंगराव म्हणाले. "काय म्हणाले लोक? सोंगट्यांबद्दल कुणी काही बोललं?"

आठ महिन्यांत प्रथमच दोन्ही व्याह्यांना एकमेकांशी बोलायला विषय सापडला. तेवढ्यात सलील जिन्याच्या दारात आला. "बाबा," तो म्हणाला, "कमळाआत्यानं मृदुलाच्या हातात सुई दिलीय."

*

खाली तोवर सगळं उत्तम चाललं होतं. काळी चंद्रकळा नेसून, अंगावर हलव्याचे दागिने घालून मृदुला बटवे वाटत होती आणि कौतुक गोळा करत होती. कौतुक घेताना मान किती खाली घालायची हे तिला आईकडे बघून कळलं होतं. शेजारच्या ताराबेन बटवा गालाला लावून म्हणाल्या, "बहु सरस छे! निरुबेन, तमे तो लकी." निरुपमाबाईंनी ते नाकारलं नाही.

कमळाआत्या म्हणजे शरच्चंद्रांची सख्खी आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातातल्या पिशवीत क्रोशाची सुई कायमची, पण बोटं आता थरथरत. तिने बटव्यात आपला चष्मा घालून पाहिला. काड्या बाहेर राहिल्या.

"छान केलाय," आत्या म्हणाली. "दोन ओळी वाढव गं. माझा चष्मा मावेल. ही घे सुई, दोरा आहे माझ्याकडे. इथेच बैस, बघू दे मला तुझा हात."

"आत्या, आधी दूध घेता ना?"

"प्यायले."

"तिळाची वडी—"

"दात नाहीत."

मृदुला गिऱ्हाइकांना होल्डवर ठेवण्यात वाकबगार होती. पण होल्डवर न राहणारी गिऱ्हाइकं असतात, हेही तिला ठाऊक होतं. तिने आईकडे पाहिलं.

"नव्या सुनेनं पहिल्या सणाला सुई हातात धरू नये," विजयमालाबाई शांतपणे म्हणाल्या. हे शास्त्र त्यांनी त्याच क्षणी तयार केलं होतं, पण आवाज पोथीचा होता.

"कुठे सांगितलंय?"

"आमच्यात आहे."

"असेल बाई," आत्या म्हणाली. "मग तुम्ही घाला दोन ओळी. लेकीला शिकवलंत तुम्हीच ना?"

"मी चष्मा घरी विसरले."

"हा माझा घ्या. त्याच्यासाठीच तर बटवा वाढवायचाय."

दिवाणखान्यातल्या बायका एकेक करून इकडे वळल्या. मृदुलाच्या हातात सुई होती आणि तिने ती उलटी, आकडा वर करून, बॉलपेनसारखी धरली होती. आत्याने त्या धरण्याकडे पाहिलं. साठ वर्षं विणकाम केलेल्या बाईला तेवढं पुरतं. आत्याला कळलं, हे मृदुलाला कळलं. आणि आत्या काही बोलणार नाही, हेही कळलं. म्हातारी नुसती तिच्याकडे बघत होती. आता 'हात दुखतोय' म्हटलं असतं तर सुटका होती. मग पुढच्या संक्रांतीला पुन्हा हात दुखला असता. बारशाला टोपडी मागितली असती तेव्हा पुन्हा.

तिने सुई खाली ठेवली.

"आत्या, मला येत नाही. हे बटवे माझ्या आबांनी केलेत. रुखवतही त्यांनीच केलं होतं. मला साधी साखळीसुद्धा घालता येत नाही."

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला. कोपऱ्यातल्या एकीने बटवा मांडीवरून उचलून सतरंजीवर ठेवला, जसा काही तो हलेल.

"पुरुषाच्या हातचं वाण?" ती कोपऱ्यातली म्हणाली. "हळदीकुंकवाला?"

"चालतं का असं?" दुसरी म्हणाली.

सगळ्या निरुपमाबाईंकडे बघू लागल्या.

निरुपमाबाई कुंकवाची कोयरी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना एका क्षणात बरंच काही दिसलं. स्वतःच्या तोंडाने जमवलेल्या चाळीस-पन्नास बायका दिसल्या. मांडवातली पाटी दिसली. सून त्यांच्या नजरेला नजर देऊन उभी होती, हेही दिसलं, आणि त्याचा त्यांना सगळ्यात जास्त राग आला. पण मुख्याध्यापिकेची चारचौघांत फसवणूक होत नसते. ती झालेली नाही, असं त्यांनी ठरवलं. उरला प्रश्न तत्त्वाचा, आणि तत्त्वाच्या प्रश्नात त्या कधी हरल्या नव्हत्या.

"तुमच्या हातात बांगड्या कुणी भरल्या?" त्यांनी कोपऱ्यातल्या बाईला विचारलं.

"कासारानं."

"तो बाई आहे का?"

"नाही, पण—"

"ही पैठणी विणणारा? हा हलवा काट्यावर आणणारा? कुंकवाच्या कारखान्यात काय बायका बसतात?"

"अमारो तो दरजी पण भाईच छे," ताराबेन म्हणाल्या. त्यांनी आपला बटवा केव्हाच पर्समध्ये टाकला होता.

"ते झाले दुकानदार," ती बाई म्हणाली. "हे तुमचे व्याही."

"म्हणजे दुकानदारापेक्षा जवळचे," निरुपमाबाई म्हणाल्या. "ज्यांना चालत नसेल त्यांनी बटवा खुशाल ठेवून जावं. मला तसेही कमीच पडणार आहेत."

कमी पडणार म्हटल्यावर कुणीच ठेवेना. सतरंजीवरचाही बटवा पुन्हा मांडीवर गेला.

"झालं तुमचं?" कमळाआत्या म्हणाली. "आता त्यांना खाली बोलवा. माझ्या दोन ओळी राहिल्यात."

मानसिंगराव जिना एकेक पायरी उतरत आले. आयुष्यात शत्रूच्या हद्दीत शिरलेला माणूस. पण त्या दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर ते थबकले. मग खुर्चीवर बसले, पाय लांब केला आणि बटवा हातात घेतला. बायकांचं वर्तुळ आधी लांब होतं. पहिली ओळ संपेपर्यंत ते खुर्चीला टेकलं.

"खांबाचे टाके फार आवळून घालता तुम्ही," आत्या म्हणाली.

"सवय आहे."

"सैल घाला. आत चष्मा ठेवायचाय, तोफ नाही."

मानसिंगरावांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून कुणालाही वाटलं असतं की त्यांना पदक मिळालं आहे. "आणखी काय चुकतंय?" त्यांनी विचारलं.

"गोंडा जड आहे. सांगते, आधी हे पुरं करा."

कुणीतरी विजयमालाबाईंना हळूच कोपरखळी दिली. "काय हो, इतकी वर्षं सगळं कौतुक तुम्हीच घेतलंत?"

"घेतलं," विजयमालाबाई म्हणाल्या. "हे रात्रपाळीला असायचे. कुणीतरी घ्यायला नको? आता आलेत, न्या म्हणावं." आणि त्यांनी आणखी एक तिळाची वडी उचलली. फक्त ती तोंडात न टाकता बराच वेळ हातात धरून बसल्या. मृदुलाने ते पाहिलं आणि जाता जाता आईच्या खांद्यावर हात ठेवला.

*

सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात निरुपमाबाई कपबशा विसळत होत्या आणि मृदुला पुसत होती. हलव्याचा एक हार तुटून तिच्या चंद्रकळेवर दाणे सांडले होते. वर गच्चीवर दोन्ही व्याही पुन्हा बसले होते. त्यांचं हसणं खाली ऐकू येत होतं.

"आधी सांगता आलं नाही तुला?"

"आलं असतं. पण तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."

"म्हणजे चूक माझी."

"अर्धी, आई."

निरुपमाबाईंच्या हातातली बशी थांबली. नोकरीत काय किंवा संसारात काय, त्यांच्या वाट्याला चूक कधी आलीच नव्हती, अर्धीही नाही.

"मी रुखवत बघून तुला पसंत केलं होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला. लग्नापासून त्याचीच धास्ती होती." मृदुलाने पुसलेली बशी फळीवर ठेवली. "आता रुखवत बाजूला ठेवून बघा. नाही आवडले तर सांगा, पण मला बघून सांगा."

निरुपमाबाईंनी नळ बंद केला. चारचौघांत त्यांनी जो ताठा राखला होता तो आता राखायचं कारण नव्हतं. मग त्यांना सुचला तो मार्ग त्यांच्या सवयीचा होता.

"ठीक आहे. झालं ते झालं. दर रविवारी वासण्याला जा आणि वडलांकडून शीक. पुढच्या संक्रांतीचं वाण खरोखर तुझ्या हातचं असेल."

"नाही."

"काय नाही?"

"मी शिकणार नाही. लहानपणी आबांनी शिकवून बघितलं. मला त्याचा फार कंटाळा येतो."

कंटाळा. या घरात चकल्या झाल्या होत्या, सांडगे झाले होते, सासूबाईंची श्राद्धं आणि पाहुण्यांचे पाटावरचे स्वयंपाक झाले होते. निरुपमाबाईंनी ते सगळं केलं होतं आणि हा शब्द स्वयंपाकघरात कधी उच्चारला नव्हता. इतका सोपा शब्द होता आणि तो म्हटल्यावर छत कोसळलं नव्हतं. त्यांनी नकळत वर पाहिलंही.

"मग पुढच्या वर्षी काय लुटायचं?"

"प्लॅस्टिकचे डबे. एअरटाइट. आमच्या ऑफिसजवळ मिळतात."

"डबे," निरुपमाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले, फळीवरच्या बशा सरळ केल्या. एक बशी उलटी करून मागून पाहिली. कोरडी होती.

"झाकणं घट्ट बसतात का ते आधी बघून घे," त्या म्हणाल्या. "आणि मी येईन बरोबर. रंग तू निवडू नकोस."